दानीएलाची कचेरी आणि आपली कचेरी

अभ्यासाचे शास्त्रभाग : दानीएल अध्याय १ व ६, दानीएल ५:१०-१७, कलस्सै ३:२२ ते ४:१, याकोब ५:१-६



गोव्यातील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत ज्यांची मुले लग्नाच्या वा नोकरीच्या वयाला आली आहेत, त्या आईबापांच्या तोंडी आज एकच प्रश्न ऐकू येतो. मुलाला कंपनीत चिकटवावे की घरचे दुकान, शेती, गॅरेज सांभाळू द्यावे? मुलगी मोपाच्या विमानतळावर रात्रपाळीला जाऊ लागली तर मंडळीत काय म्हणतील? आणि मुलांच्या मनात याहून खोल प्रश्न असतो, तो ती सहसा बोलून दाखवीत नाहीत : कंपनीत राहून देवाचे माणूस राहता येते का?

या प्रश्नाला पवित्र शास्त्रात उत्तर आहे. मात्र ते एका शब्दाचे, ‘होय’ किंवा ‘नाही’ असे नाही. ते एका माणसाच्या सबंध आयुष्याच्या रूपाने दिलेले आहे. तो माणूस म्हणजे दानीएल. आपण त्याला सिंहांच्या गुहेवरून ओळखतो. परंतु गुहेत तो एकच रात्र होता. कचेरीत मात्र त्याने सुमारे ६५ वर्षे काढली. म्हणून या पाठात आपण गुहा थोडी बाजूला ठेवून दानीएलाची कचेरी पाहू या.

१. आपल्या तालुक्यांतील कंपन्या

डिचोलीला कंपनी नवी नाही. शिरगाव, मये, वेळगे या भागांत लोखंडाचे खनिज निघाले. ते टिप्परांतून आमोणे, सारमानस येथील धक्क्यांवर आणि तेथून बार्जमधून मांडवीवाटे मुरगाव बंदरात जाई. पूर्वी जपान व पुढे, २००० नंतरच्या दशकात, चीन हे मोठे गिऱ्हाईक होते. या धंद्याबरोबर कचेऱ्या आल्या : हिशेबनीस, टाईमकीपर, प्रयोगशाळेतील मदतनीस, स्टोअरकीपर. भाताच्या खळ्यावर वाढलेला मुलगा प्रथमच महिन्याच्या पगारावर आला.

पुढे काय झाले ते डिचोलीकरांना सांगायला नको. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणकाम थांबविले व पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, खाणींच्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती व त्यानंतरचे खोदकाम बेकायदेशीर होते. थोडे काम पुन्हा सुरू झाले. पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा बंद पडल्या. २०२२ च्या अखेरीस लिलाव होऊन २०२४ मध्ये डिचोलीच्या खाणीचे काम नव्याने सुरू झाले. मधल्या काळात पगार थांबला, टिप्परांचे हप्ते मात्र थांबले नाहीत. दुसरीकडे, ज्यांच्या विहिरींचे पाणी खाणीच्या खोलीबरोबर खाली गेले व ज्यांच्या शेतात पावसाळ्यात खाणीचा गाळ आला, त्यांचे दुःख खाणी चालू असतानाचे होते. एकाच गावात एकाचा पगार ते दुसऱ्याचे नुकसान, असे हे गणित होते.

पेडण्याची गोष्ट अलीकडची. मोपाच्या पठारावरील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. काजूच्या बागायतींच्या व गुरांच्या चरण्याच्या जागी आज काचेच्या कचेऱ्या आहेत. तेथे दिवस व रात्र सारखेच, रविवार व सोमवार सारखेच. पेडण्याच्या मुलांबरोबर बांदा, सावंतवाडी, दोडामार्गकडील मुलेही तेथे कामाची आशा धरून येतात.

२. दानीएल कचेरीत कसा आला

दानीएल १:३-७ वाचा. दानीएलाने अर्ज केला नव्हता. त्याचा देश हरला आणि तो उचलून नेला गेला. नबुखद्नेस्सराने हुशार मुले निवडली, त्यांना तीन वर्षांचे शिक्षण दिले, खास्द्यांची भाषा व विद्या शिकविली, आपल्या पंक्तीचे अन्न दिले आणि त्यांची नावे बदलली. ज्याच्या नावात ‘देव माझा न्यायाधीश’ असा अर्थ होता, त्याला बाबेलच्या दैवताचे नाव चिकटविले.

कोणतीही मोठी संस्था माणसाला हेच करते. ती शिकविते, खाऊ घालते आणि हळूहळू आपले नाव देते. गळ्यात ओळखपत्र येते आणि वर्षभरात माणूस ‘मी अमक्या कंपनीचा’ असे सांगू लागतो.

येथे दानीएलाचा शहाणपणा पाहा. त्याने भाषा शिकण्यास नकार दिला नाही. विद्या टाकली नाही. नवे नावही कागदोपत्री चालू दिले. पण एका गोष्टीवर त्याने मनाची रेघ ओढली : ज्या अन्नाने आपण विटाळू, ते घ्यायचे नाही (१:८). आणि ही रेघ त्याने आरडाओरड करून ओढली नाही. त्याने अधिकाऱ्याला विनंती केली. दहा दिवसांची परीक्षा घेऊन पाहा, असे सुचविले. अधिकाऱ्याची अडचणही त्याने समजून घेतली.

पहिला धडा हा आहे. नोकरी धरण्यापूर्वी, निदान पहिल्या महिन्यात, आपली रेघ कोठे आहे हे ठरवावे. पगार हाती आल्यावर व हप्ते सुरू झाल्यावर रेघ ओढणे फार कठीण जाते.

३. कंपनीच्या नोकरीचे लाभ

काही भक्तिमान माणसे नोकरीला केवळ जग म्हणून हिणवितात. शास्त्र तसे करीत नाही. लाभ प्रामाणिकपणे मोजू या.

(अ) नियमित भाकर. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणारा पगार ही लहान गोष्ट नव्हे. ज्याच्या घरी पाऊस लांबला की चूल मंदावते त्याला विचारा. आपण रोजच्या भाकरीसाठी प्रार्थना करतो. ती पगाराच्या वाटेने आली तरी देवाचीच देणगी आहे.

(ब) कायद्याचा आधार. चांगल्या कंपनीत भविष्यनिर्वाह निधीत नोकराच्या मूळ पगारातून व महागाई भत्त्यातून १२ टक्के जातात व तितकीच भर मालक घालतो. मालकाच्या वाट्यातील काही भाग निवृत्तिवेतनाकडे वळतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यास राज्य विमा योजनेतून औषधोपचार मिळतो. १९७२ च्या कायद्याने ५ वर्षे सलग नोकरी झाल्यावर ग्रॅच्युइटी मिळू लागली. तिचा हिशेब सोपा आहे : हिशेबास धरण्याचा शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षे. पगार १३,००० व नोकरी १० वर्षे असेल तर ७५,००० रुपये होतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. त्यांप्रमाणे ठराविक मुदतीसाठी घेतलेल्या नोकराला एका वर्षानंतरही या रकमेचा हक्क आहे व प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावयाचे आहे. आपल्या कामकरी बहिणींना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची बाळंतपणाची पगारी रजा आहे. १० किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कचेरीत स्त्रियांच्या छळाच्या तक्रारीसाठी समिती असली पाहिजे, असा २०१३ चा कायदा आहे. घरच्या धंद्यात किंवा एखाद्या दुकानात हे आधार क्वचितच मिळतात.

(क) शिस्त व विद्या. वेळेवर येणे, हिशेब लिहून ठेवणे, अनोळखी माणसाशी नीट बोलणे, दुसऱ्याच्या हाताखाली काम करणे, हे कचेरी शिकविते. दानीएलाची बाबेलातील विद्या पुढे देवाच्याच कामी आली.

(ड) शेजार. कचेरीत हिंदू, मुसलमान, कॅथलिक व आपण एकाच टेबलाशी बसतो. मंडळीच्या आवारात जे कधी पाऊल टाकणार नाहीत, ते आपले वागणे रोज आठ तास वाचीत असतात. दानीएलाच्या वैऱ्यांनीही त्याची कचेरी तपासली, आणि त्यांना हिशेबात दोष सापडला नाही (६:४). ही साक्ष कोणत्याही उपदेशाहून मोठी आहे.

४. नोकरीचे तोटे व मोह

(अ) विसरणारा मालक. दानीएल ५:१०-१२ लक्षपूर्वक वाचा. ज्या माणसाने एकेकाळी राजाच्या स्वप्नाचा उलगडा केला, तो बेलशस्सराच्या दिवसांत कोणाच्या ध्यानातही नव्हता. राणीने आठवण करून द्यावी लागली. कंपनीचे असेच असते. साहेब बदलतो, मालकी बदलते, कागदावरचा आकडा बदलतो आणि २० वर्षांची सेवा एका ओळीत संपते. डिचोलीने हे २०१२ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये पाहिले. म्हणून कंपनीची इमानाने सेवा करा, पण आपला जीव तिच्या हाती देऊ नका. दानीएल विसरला गेला तरी मोडला नाही, कारण त्याची किंमत त्या दरबाराने ठरविलेली नव्हती. म्हणूनच राजा बक्षिसे देऊ लागला तेव्हा, ती तुझी तुला राहोत, असे तो म्हणू शकला (५:१७).

(ब) हप्त्याचे जू. पगार ठरलेला म्हणून कर्ज सहज मिळते. मोटारसायकल, मोबाईल, मग मोटार, मग लग्नाचा खर्च. पाहता पाहता पगाराचा अर्धा भाग येण्यापूर्वीच गेलेला असतो. असा माणूस अन्यायाला ‘नाही’ म्हणू शकत नाही. कर्जाने केवळ खिसा बांधला जात नाही, जीभही बांधली जाते.

(क) विसाव्याचा दिवस. विमानतळ, हॉटेल, कारखाना रविवारी बंद राहत नाहीत. चौथी आज्ञा मालकाला उद्देशून आहे हे आपण विसरतो; तीत चाकर, दासी, परदेशी आणि गुरेढोरे यांचाही विसावा सांगितलेला आहे (निर्गम २०:१०). ज्याला रविवारी पाळी आहे त्याला आपण ‘थंड पडला’ म्हणतो. हे न्यायाचे नाही. शब्बाथ माणसाकरिता झाला, असे प्रभूने शिकविले (मार्क २:२७). आठवड्यात एक दिवस देवासाठी व विसाव्यासाठी राखणे हे त्या तरुणाचे काम. आणि त्या दिवशी त्याला सहभागिता मिळेल असे पाहणे हे मंडळीचे काम. शनिवारी सायंकाळी किंवा आठवड्यातील एखाद्या दिवशी चार घरांत मिळून उपासना ठेवणे अशक्य आहे काय?

(ड) हुकुमाखाली केलेले पाप. हा सर्वांत मोठा धोका आहे, आणि याविषयी मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

तरुणपणी मी डिचोली तालुक्यातील एका कंपनीच्या कचेरीत हजेरीबुक लिहीत असे. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. ठेकेदाराचे मजूर १२ तास राबत, आणि मला सांगण्यात आले होते की बुकात ८ लिहायचे. खाणीच्या १९५२ च्या कायद्याप्रमाणे ज्यादा तासांची मजुरी दुप्पट द्यावी लागे, ती वाचविण्यासाठी हे होते. मी वर्षभर ८ लिहिले. त्याच वर्षी मी तरुण संघाचा चिटणीस होतो व उपासनेत शास्त्र वाचीत असे. एके दिवशी घाटावरचा एक मजूर खिडकीशी आला व म्हणाला, “बाबू, माझे तास बरोबर लिवलेत न्हवं?” मी मान वर न करता ‘होय’ म्हटले. त्याने मला हात जोडले आणि तो गेला.

त्या रात्री मी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय उघडला नव्हता; तो आपोआप आठवला. अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानी जातो, असे तेथे लिहिले आहे. पैसे मी घेतले नव्हते. लेखणी मात्र माझी होती. पुढल्या महिन्यात मी साहेबांना हात जोडून सांगितले की, खरे तास लिहू द्या, नाहीतर हे बुक दुसऱ्या कोणाकडे द्या. सिंह आले नाहीत, भट्टी पेटली नाही. मला फक्त स्टोअरमध्ये पाठविले, व माझ्या मागून आलेले दोघे माझ्या पुढे गेले. पण तो मजूर तोवर गावी परतला होता. त्याचे तास मी त्याला परत देऊ शकलो नाही. क्षमा मिळाली आहे असा माझा विश्वास आहे. तरी ते देणे मला आठवते. तरुण मित्रांनो, मी हे यासाठी सांगतो की तुम्ही वर्षभर थांबू नये.

५. पगारदार कॅरी

मराठी ख्रिस्ती माणसाने विल्यम कॅरीचे एक अंग ध्यानात ठेवावे. आपण त्याला नव्या कराराचे मराठी भाषांतर १८११ मध्ये सेरामपूरहून छापविणारा म्हणून ओळखतो. पण हा जोडे शिवणारा माणूस बंगालमध्ये आल्यावर, १७९४ पासून काही वर्षे, मदनाबाटी येथील निळीच्या कारखान्याचा व्यवस्थापक होता. पगाराने घर चाले व उरलेल्या वेळात भाषांतर चाले. पुढे १८०१ पासून तो कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागला. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविण्यासाठी ते कॉलेज होते, आणि कॅरीने तेथे मराठीही शिकविली. त्याला वैजनाथ पंडितांचे साहाय्य लाभले. कॉलेजचा पगार तो सेरामपूरच्या बंधूंच्या सामाईक थैलीत टाकीत असे.

येथे सर्व काही आले : कंपनीची नोकरी, तिच्यातून मिळालेली भाकर व विद्या, आणि दोन्ही देवाच्या कामी लावणे. ती कंपनी निर्दोष नव्हती. कॅरी तिचा चाकर होता, तिचा गुलाम नव्हता.

६. आपण काय करावे

पहिले, नेमणूकपत्र घेतल्याशिवाय कामावर जाऊ नये, व ते वाचल्याशिवाय सही करू नये. भविष्यनिर्वाह निधीचे खाते आपल्या नावाने निघाले की नाही हे पहिल्या तीन महिन्यांतच पाहावे.

दुसरे, पगारातून प्रथम देवाचा भाग व मग शिल्लक काढावी. उरेल त्यात घर चालवावे. निदान सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असावा. ज्याच्याजवळ सहा महिन्यांचे धान्य आहे तो खोटे लिहिण्यास नकार देऊ शकतो.

तिसरे, घरची जमीन, बागायत वा हातचा धंदा अगदी मोडून टाकू नये. खाणी बंद पडल्या त्या दिवसांत ज्यांच्याजवळ दुसरा आधार होता त्यांना थोडा तरी दिलासा होता.

चौथे, दानीएल पूर्वी करीत असे त्याप्रमाणेच दिवसातून तीन वेळा गुडघे टेकीत राहिला (६:१०). संकट आले म्हणून त्याने प्रार्थना सुरू केली नाही. पाळी कोणतीही असो, प्रार्थनेची वेळ ठरलेली असावी.

पाचवे, जे साहेब झाले आहेत त्यांना. कलस्सै ४:१ तुमच्यासाठी आहे. तुमच्यावरही स्वर्गात धनी आहे. हजेरीबुक लिहिणाऱ्या मुलाला पापात ढकलू नका.

सहावे, मंडळीला. रात्रपाळीहून आलेल्या मुलीकडे संशयाने पाहू नका. ती सुखरूप आली म्हणून देवाचे आभार माना. आणि ज्याची नोकरी गेली आहे त्याची विचारपूस पहिल्या आठवड्यात करा, सहाव्या महिन्यात नव्हे.

चर्चेसाठी प्रश्न

१. दानीएलाने नवे नाव चालू दिले, पण राजाचे अन्न नाकारले. आपल्या कामात अशा दोन प्रकारच्या कोणत्या गोष्टी आहेत?

२. ‘साहेबांनी सांगितले म्हणून केले’ हे देवासमोर उत्तर होऊ शकते काय?

३. ज्या धंद्यातून आपल्याला पगार मिळतो त्याने शेजाऱ्याच्या विहिरीचे किंवा शेताचे नुकसान होत असेल, तर ख्रिस्ती नोकराने काय करावे?

४. आपल्या मंडळीत रविवारी कामावर असणारे किती जण आहेत? त्यांच्यासाठी आपण काय केले आहे?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आमच्या हातांना काम दिलेस म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. ज्यांना काम नाही त्यांना ते दे. आमच्या मुलामुलींना परक्या कचेरीत दानीएलाचा आत्मा दे. आमच्या लेखणीतून कोणा गरिबाची मजुरी बुडाली असेल तर आम्हांला क्षमा कर, आणि जे परत करता येईल ते परत करण्याचे धैर्य दे. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.